उतरंड उतरवताना

टॉम व्हॅन व्लेक हे मल्टिक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर. मल्टिक्स ही एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकात मिळून उभारायला घेतलेली महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम. १९६९ मध्ये बेल लॅब्जनं त्यातून अंग काढून घेतलं आणि तिथल्याच केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाचा आटोपशीर संसार वेगळा थाटला. व्हॅन व्लेक यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. ते रिचींना म्हणाले, मल्टिक्ससाठी मी जो कोड लिहितो, त्यातला निम्मा तरी काही बिघडलं तर निस्तरायचं कसं, यावरच खर्ची पडतो. रिचींच्या उत्तराचा मथितार्थ असा: तो सगळा भाग आम्ही गाळूनच टाकला. आमच्याकडे पॅनिक नावाचं एक फंक्शन आहे. ते चाललं की मशीन बंद पडतं. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन हाक मारायची, अरे, रीबूट कर!

आज हे उत्तर बेफिकीर वाटेल. त्या काळी त्यात शहाणपण होतं. १९७५ सालच्या सहाव्या युनिक्सचा कोड उघडला, तर सुरुवातीलाच मशीनला घड्याळ आहे का, ते तपासलेलं दिसतं. नसेल तर ‘नो क्लॉक’ एवढे दोन शब्द छापून पॅनिक. मुख्य डिस्कचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्या जमाखर्चाचं पहिलं पान, वाचता आलं नाही तरी पॅनिक. घड्याळ नाही, डिस्क नाही, मग पुढे जायचं कशाच्या जोरावर? मशीन एका खोलीत होतं, ते वापरणारे त्याच इमारतीत होते, आणि बटण दाबणारा माणूस अक्षरशः हाकेच्या अंतरावर होता.

१९ जुलै २०२४ रोजी हे अंतर किती वाढलंय, ते जगाला कळलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून चालतो, आणि तो बूट होतानाच अगदी लवकर जागा होतो. त्या दिवशी त्याला माहितीची एक नवी फाइल पोचली. त्या माहितीच्या रचनेत २१ रकाने धरलेले होते. ती वापरणारा कोड मात्र २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत शिरला आणि मशीन कोसळलं. रीबूट केलं, तर ड्रायव्हर पुन्हा लवकर उठला, पुन्हा तीच फाइल वाचली, पुन्हा कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं अशी ८५ लाख मशीन होती. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रिचींची हाक ८५ लाख ठिकाणी एकदम मारायची वेळ आली, आणि नुसत्या रीबूटनं भागतही नव्हतं. बहुतेक ठिकाणी कुणीतरी मशीनपाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती फाइल हातानं पुसायची, एवढाच इलाज होता.

तर हे प्रकरण सुरुवात करताना फसण्याबद्दल आहे. चालू काम बिघडणं ही वेगळी गोष्ट. इथे काम अजून सुरूच व्हायचंय, अर्धी मांडामांड झाली आहे, आणि तेवढ्यात काहीतरी मिळत नाही. मग आता काय करायचं?

पहिला प्रश्न हा की, एका तुकड्याची सुरुवात फसली म्हणून अख्ख्या मशीननं थांबायचं का. लिनक्स बूट होताना ज्या डिस्कवर सगळं आहे तीच जोडता आली नाही, तर कर्नल आजही पॅनिक करतो, आणि बरोबरच करतो. पण लॅपटॉपचा कॅमेरा सुरू झाला नाही म्हणून लॅपटॉपच सुरू होऊ नये, हे कुणाला पटेल? म्हणून लिनक्समध्ये वेगवेगळ्या भागांची सुरुवात करणारी फंक्शन्स ठरलेल्या पायऱ्यांनी, आधी गाभ्यातली, मग उपकरणांची, मग उरलेली, अशी एकामागून एक बोलावली जातात. त्यातलं एखादं ‘मला जमलं नाही’ असं सांगत परत आलं, तर बोलावणारा ते उत्तर ऐकून सोडून देतो आणि पुढच्याकडे वळतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हा निव्वळ हलगर्जीपणा वाटला होता. नंतर लक्षात आलं की यात एक करार आहे. जो फसला, त्यानं आपला सगळा पसारा आवरून, जागा होती तशी करून मगच ‘जमलं नाही’ म्हणायचं. आणि जो त्याच्यावर विसंबून आहे, त्यानं तो खरंच उठलाय का, ते आधी पाहायचं. कराराचा दुसरा भाग पाळायला फार कठीण नाही. पहिल्या भागानं मात्र गेली तीस वर्षं लोकांना छळलं आहे.

साध्या प्रोग्रॅमला ही चिंता नसते. तुमचा ब्राउझर मध्येच मेला, तर त्यानं घेतलेली मेमरी, उघडलेल्या फाइली, जोडलेले नेटवर्कचे धागे हे सगळं कर्नल परत घेतो. प्रोग्रॅमच्या मागे कर्नल झाडू घेऊन उभाच असतो. कर्नलच्या मागे कुणीही नाही. त्यानं घेतलेलं काही परत द्यायचं राहिलं, तर ते पुढच्या रीबूटपर्यंत तसंच अडकून पडतं. आणि जे परत दिलंय ते दिलेलं नाही असं समजून तो पुन्हा वापरायला गेला, तर त्या जागी आता दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू असते.

जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात उतरंड असायची. खाली मोठा रांजण, त्यावर मडकं, त्यावर लहान मडकं, अशी चढत्या क्रमानं लहान होत जाणारी. सगळ्यात वर एखादं बोळकं. ती रचताना खालून वर जायचं आणि उतरवताना वरून खाली यायचं, हे कुणी शिकवावं लागत नसे. मधलं मडकं ओढलं की काय होतं, ते घरातल्या पोराला एकदाच कळलेलं पुरायचं. कर्नलमधल्या ड्रायव्हरची सुरुवात ही अशीच उतरंड असते.

इंटेलच्या नेटवर्क कार्डांसाठी लिनक्समध्ये ई१०००ई नावाचा ड्रायव्हर आहे. कार्ड सापडलं की त्याचं प्रोब नावाचं फंक्शन चालतं. ढोबळमानानं ते असं करतं: आधी कार्डाला वीज आणि पत्ता देऊन जागं करायचं. मग कार्डाच्या पत्त्यांचा पट्टा आपल्या नावावर आरक्षित करायचा, म्हणजे दुसरा ड्रायव्हर तिथे घुसणार नाही. मग नेटवर्क जोडणीची नोंद ठेवण्यापुरती मेमरी मागायची. मग कार्डावरची रजिस्टरं कर्नलच्या मेमरीच्या नकाशात आणायची, पाठोपाठ त्याची फ्लॅश, म्हणजे कायमची स्मृती. मग त्या स्मृतीतली माहिती वाचायची, तिची बेरीज जुळते का ते पाहायचं, त्यातून कार्डाचा स्वतःचा पत्ता घ्यायचा. आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या कर्नलला जाहीर करायचं की, नवं नेटवर्क कार्ड तयार आहे.

आता समजा, फ्लॅश नकाशात आणणं फसलं. तर रजिस्टरांचा नकाशा मोडायचा, मेमरी परत द्यायची, पट्ट्यावरचं आरक्षण सोडायचं, कार्ड झोपवायचं, याच क्रमानं. पण फ्लॅशचा नकाशा मोडायचा नाही, कारण तो झालेलाच नाही. मेमरीच मिळाली नसती, तर फक्त शेवटची दोनच कामं करायची. प्रत्येक पायरीवर फसण्याचा धोका आहे आणि प्रत्येक पायरीवरून परतीचा रस्ता वेगळ्या लांबीचा आहे.

सी भाषेत हे लिहिण्याची लिनक्समधली रूढ रीत गोटूची आहे. फंक्शनच्या तळाशी परतीची कामं उलट क्रमानं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकाच्या आधी एक खूण लावायची. जिथे फसेल तिथून थेट योग्य त्या खुणेवर उडी मारायची आणि तिथून खाली घरंगळत जायचं. वरची कामं आपोआप सुटतात, खालची होतात. एड्स्खर डाइकस्ट्रा यांचं गोटूविरुद्धचं प्रसिद्ध पत्र १९६८ मध्ये छापून आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कॉलेजात गोटू हे पाप म्हणून शिकवलं जातं. (पत्राचं खळबळजनक शीर्षक डाइकस्ट्रांचं नव्हतं, ते संपादक निकलाउस व्हिर्ट यांनी दिलं.) लिनक्सच्या कोड लिहिण्याच्या नियमावलीत मात्र परतीच्या या रस्त्यासाठी गोटू वापरायला स्पष्ट मुभा आहे. नाहीतर एकात एक शिरलेल्या जर-तरच्या अटी उजव्या समासापर्यंत जातात आणि कुठलं मडकं कशावर बसलंय तेच दिसेनासं होतं. पाप वगैरे ठीक आहे. उतरंड नीट उतरली पाहिजे.

नीट उतरत नाही ती अनेक कारणांनी, आणि त्यातली बहुतेक अगदी किरकोळ दिसतात. उडी एक खूण चुकून खाली मारली, की एखादी वस्तू कायमची अडकते. एक खूण वर मारली, तर जे घेतलंच नव्हतं ते परत देण्याचा प्रयत्न होतो. कोडमध्ये नंतर कुणीतरी मधेच नवी पायरी घातली आणि परतीच्या यादीत तिची ओळ घालायची राहिली, हा तर रोजचा प्रकार. नवखे लोक आणखी एका गोष्टीला फसतात. ड्रायव्हर काढून टाकताना चालणारं आवराआवरीचं फंक्शन वेगळं असतं. त्यांना वाटतं, सुरुवात फसली की तेच बोलावलं जाईल. ते बोलावलं जात नाही. जो सुरूच झाला नाही त्याला निरोप कसला द्यायचा, असा कर्नलचा हिशेब आहे. फसलेल्या सुरुवातीचं निस्तरणं तिचं तिनंच करायचं असतं.

आणखी एक चूक आहे, ती मला सगळ्यात लबाड वाटते. कर्नलमध्ये फंक्शननं शून्य परत केलं म्हणजे यश, उणे आकडा म्हणजे अपयश. उणे १२ म्हणजे मेमरी नाही, उणे ५ म्हणजे वाचता-लिहिता येत नाही, उणे १६ म्हणजे जागा दुसऱ्या कुणी धरली आहे. आता समजा, एका पायरीवर गडबड लक्षात आली, गोटूनं परतीच्या रस्त्याला लागलो, सगळं व्यवस्थित आवरलं. पण आकडा भरायचा विसरलो. तो आधीच्या यशस्वी पायरीपासून शून्यच राहिलाय. म्हणजे सगळी मडकी खाली उतरवून झाल्यावर आपण सांगतो, उतरंड रचून तयार आहे! बोलावणारा विश्वासानं तिच्यावर हात टेकतो. ॲपलच्या उपकरणांमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये सापडलेली ‘गोटू फेल’ ही गाजलेली चूक याच जातीची. ती कर्नलमधली नव्हती; सुरक्षित जोडणी करताना समोरच्याची सही तपासणाऱ्या कोडमधली होती. उडी मारणारी एक ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी उडी कुठल्याही अटीशिवाय व्हायची, खरी तपासणी तिच्यामुळे वगळली जायची आणि आकडा शून्य असल्यानं सही खरी ठरायची.

उत्तर पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, रूपात येणार असेल तर गोंधळ आणखी वाढतो. काही फंक्शन्स अपयशाला रिकामा पॉइंटर देतात. काही मात्र एरर कोडच पॉइंटरच्या वेषात पाठवतात. पत्त्यांच्या अगदी शेवटच्या टोकाचे ४०९५ पत्ते कर्नल कधीच खऱ्या वस्तूला देत नाही, म्हणून तिथे हे आकडे सुखानं राहतात. युक्ती सुंदर आहे. पण बोलावणाऱ्यानं फक्त ‘रिकामा आहे का’ एवढंच पाहिलं, तर उणे १२ हा त्याला भरलेला, खरा पत्ता वाटतो.

काही वेळा दोष उतरवणाऱ्याचा नसून मडक्याचाच असतो. एखादं फंक्शन ‘फसलो’ म्हणून परत आलं, तर आपण धरून चालतो की त्यानं काहीच केलेलं नाही. लिनक्समध्ये उपकरणाची नोंदणी करणारं फंक्शन तसं वागत नाही. ते फसलं तरी उपकरणाच्या नोंदीवर तुमचा एक हक्क शिल्लक राहतो. मेमरी थेट मोकळी करायची नाही, हक्क सोडायचा, मग ती आपोआप मोकळी होते. फंक्शनच्या डोक्यावरच हे बजावून लिहिलंय, तरी लोक चुकतात. याहून त्रासदायक होतं ते झोपलेल्या उपकरणाला जागं करणारं एक फंक्शन. ‘मी वापरतोय’ असं सांगणारा आकडा ते आधी एकानं वाढवायचं, मग जागं करायचा प्रयत्न करायचं, आणि तो फसला तरी आकडा वाढलेलाच ठेवायचं. शेकडो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी सरळ विचार केला: फसलं ना, मग परत जाऊ. आकडा मागे राहिला. ज्याच्या वापराचा आकडा शून्यावर येत नाही ते उपकरण पुन्हा कधी झोपत नाही, आणि बॅटरी कुठे जाते ते कळत नाही. २०२० च्या अखेरीस याच कामाचं, पण फसलं तर आकडा स्वतःच परत खाली आणणारं दुसरं फंक्शन कर्नलमध्ये आलं. माणसं एकच चूक सतत करत असतील, तर वस्तूचा आकार बदलावा, हे कुंभारालाही कळतं.

क्रमाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ई१०००ईच्या पायऱ्यांमध्ये जाहीर करणं सगळ्यात शेवटी होतं. ते शिष्टाचार म्हणून नव्हे. जाहीर केल्याच्या क्षणापासून दुसरा कुणीही ते कार्ड वापरायला लागू शकतो, तुमचं फंक्शन अजून संपलं नसलं तरी. जाहीर आधी केलं आणि पुढची पायरी फसली, तर दारात पाहुणे उभे असताना मांडव उतरवायची वेळ येते. इंटरप्टचंही तेच. कार्डानं हाक दिली तर कोण धावणार, हे कर्नलला सांगितल्यावर पुढच्याच क्षणी हाक येऊ शकते, आणि धावणारं फंक्शन ज्या मेमरीकडे पाहतं ती तोवर भरलेली असली पाहिजे.

आता याच कार्डाची २००८ ची गोष्ट. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या बाहेर पडल्या होत्या. सप्टेंबरात तक्रारी येऊ लागल्या की, या आवृत्त्या चालवल्यावर काही लॅपटॉपची इंटेल नेटवर्क कार्डं मरत आहेत. रीबूट करून, जुना कर्नल टाकूनही ती उठत नव्हती. वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी नेमकी बेरजेची पायरी फसत होती: कायमच्या स्मृतीतल्या माहितीची बेरीज जुळत नाही, उणे ५, परत. ड्रायव्हर अगदी नियमानं फसत होता आणि नियमानं आवरत होता. कार्डातली माहितीच कुणीतरी पुसट करून ठेवली होती. संशय आधी ड्रायव्हरवर गेला, मग ग्राफिक्सवर. इंटेलच्या लोकांनी त्या स्मृतीला कुलूप घालणारे बदल लिहिले. खरा चोर सापडला तो भलत्याच घरात.

कर्नलमध्ये तेव्हा एफट्रेस नावाचं नवं साधन आलं होतं. कुठलं फंक्शन कधी चालतं याचा माग ठेवण्यासाठी ते प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी असलेल्या एका सूचनेचा पत्ता टिपून ठेवायचं आणि थोड्या वेळानं तिथे जाऊन ती सूचना बदलायचं. पण काही फंक्शन्स फक्त सुरुवातीपुरती असतात. सुरुवात झाली की त्यांची मेमरी कर्नल मोकळी करतो. बूट होताना ‘न वापरलेली मेमरी मोकळी केली’ अशी जी ओळ पडद्यावरून सरकते ती याच कामाची. ड्रायव्हरांच्या अशा सुरुवातीच्या फंक्शनांचे पत्ते एफट्रेसनं टिपले. ती फंक्शन्स गेली, जागा मोकळी झाली, आणि तीच जागा पुढे ई१०००ईला कार्डाची फ्लॅश नकाशात आणण्यासाठी मिळाली. एफट्रेस आपल्या टिपणवहीप्रमाणे त्या पत्त्यावर गेलं. जुना भाडेकरू केव्हाच घर सोडून गेला होता. तिथे अपेक्षित सूचना दिसली तरच बदल करायचा, अशी खबरदारी त्यानं घेतली होती; पण प्रोसेसरची जी सूचना त्यासाठी वापरली होती ती जुळणी झाली नाही तरी त्या जागी काहीतरी लिहितेच, आहे तेच परत लिहिते. साध्या मेमरीत आहे तेच परत लिहिणं निरुपद्रवी असतं. फ्लॅशवर लिहिणं म्हणजे आज्ञा.

एफट्रेसचं ते गतिमान रूप २.६.२७ मध्ये, मूळ आवृत्ती निघाल्यानंतर लगेच, बंद करून टाकण्यात आलं, आणि नंतर त्याची घडण बदलली. इथे कुणाचीही सुरुवात फसली नव्हती, उलट सगळं यशस्वी झालं होतं. पण यशानंतरही आवराआवर असतेच, आणि ज्यानं ज्यानं पत्ते टिपून ठेवलेत त्या प्रत्येकाला ती कळवावी लागते.

मग प्रश्न उरतो की, इतके हुशार लोक हा कोड लिहितात, एकमेकांचा वाचतात, तरी परतीचा रस्ता इतका खड्ड्यांचा का? माझं उत्तर साधं आहे: त्या रस्त्यानं कुणी जातच नाही. रचण्याचा रस्ता प्रत्येक बूटला, प्रत्येक मशीनवर, दिवसातून कोट्यवधी वेळा तुडवला जातो. त्यातला खड्डा सकाळी पडला तर संध्याकाळी कुणाच्या तरी पायाला लागतो. परतीच्या रस्त्यावर गवत माजतं.

मेमरीचंच घ्या. मेमरी मिळाली का, हे दर वेळी तपासा, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि कर्नलमध्ये ते हजारो ठिकाणी इमानेइतबारे तपासलेलंही आहे. पण आठ पानांपर्यंतची, म्हणजे सामान्य मशीनवर ३२ किलोबाइटपर्यंतची साधी मागणी लिनक्स सहसा नाकारतच नाही. मेमरी संपली तर तो आणखी शोधतो, वाट पाहतो, शेवटी एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतो, पण मागणी पुरी करतो. डिसेंबर २०१४ मध्ये यावरून कर्नलच्या लोकांमध्ये मोठी चर्चा झाली, कारण या हट्टापायी कर्नल स्वतःच्याच कुलपात अडकून पडू शकतो, असं दिसून आलं होतं. मग हट्ट सोडून द्यावा? तसं केलं तर वर्षानुवर्षं कधीच न चाललेले हजारो परतीचे रस्ते एकदम वापरात येतील, आणि त्यांतले किती खरंच घरी पोचतात ते कुणाला ठाऊक. या भीतीपोटी ती जुनी खोड बरीचशी तशीच राहिली आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्सच्या सगळ्या फाइल सिस्टीम आणि डिस्कचे तीन प्रमुख ड्रायव्हर तपासून एक निबंध लिहिला. एरर कोड ज्या फंक्शनांमधून वर वर जातो अशा ९,०२२ हाका त्यांनी मोजल्या. त्यातल्या १,१५३ ठिकाणी, म्हणजे सुमारे १३ टक्के, तो कोड नीट जपलाच जात नव्हता; खालच्यानं ‘फसलो’ म्हणून सांगितलेलं मधल्यानं वर पोचवलंच नाही.

एका ठिकाणी मात्र परतीचा रस्ता रोजच्या वहिवाटीचा झाला, आणि तो मोबाइलमुळे. फोनच्या एका चिपवर शेकडो लहान उपकरणं असतात आणि ती एकमेकांवर विसंबलेली असतात. पडद्याला विजेचा नियंत्रक हवा, नियंत्रक एका बसवर, बसला घड्याळ हवं. कोण आधी उठेल ते सांगता येत नाही. २०१२ मध्ये ग्रँट लाइकली यांच्या कामातून लिनक्स ३.४ मध्ये एक नवा एरर कोड आला, ५१७. त्याचा अर्थ: माझ्याकडून चूक झालेली नाही, मला जे हवं ते अजून आलेलं नाही, मला थोड्या वेळानं पुन्हा बोलवा. हा आकडा कर्नलच्या बाहेर कुणाला दिसत नाही, पण फोन सुरू होत असताना आतमध्ये तो अनेकदा फिरतो. पडद्याचा ड्रायव्हर चार पायऱ्या चढतो, पाचवीला नियंत्रक सापडत नाही, चारही उतरवतो, ५१७ म्हणतो. थोड्या वेळानं पुन्हा. त्यानं पहिल्या वेळी एखादं आरक्षण सोडलं नाही, तर दुसऱ्या वेळी जागा भरलेली सापडते, आणि ती धरून बसलेला तो स्वतःच असतो! अशी चूक पहिल्याच दिवशी टेबलावर उघडी पडते.

उतरवण्याचं काम माणसाकडून काढून घेण्याचे प्रयत्नही झाले. तेजुन हो यांनी २००७ मध्ये एक व्यवस्था आणली. ड्रायव्हर जे जे घेतो त्याची यादी कर्नल स्वतः उपकरणाच्या नावावर ठेवतो, आणि सुरुवात फसली किंवा उपकरण निघून गेलं की यादी उलट क्रमानं रिकामी करतो. असंख्य ड्रायव्हरांच्या तळाशी असलेल्या खुणांची शिडी त्यामुळे गेली. पण निम्म्या वस्तू यादीत आणि निम्म्या हातानं, असं केलं की क्रम पुन्हा बिघडतो, कारण यादी रिकामी होते ती हातानं आवरून झाल्यावर. पीटर झायलस्ट्रा यांनी २०२३ मध्ये आणलेली सोय आणखी जवळची आहे: चल ज्या कंसात जन्मला तो कंस संपला की वस्तू आपोआप परत जाते, मग बाहेर पडण्याची वाट कुठलीही असो. डिसेंबर २०२२ पासून कर्नलमध्ये शिरकाव झालेल्या रस्ट भाषेत तर हा स्वभावच आहे. तरीही, जुना कोड कोट्यवधी ओळींचा आहे आणि तो सीमध्येच आहे.

म्हणून गवत काढण्याचा एकच उपाय: त्या रस्त्यानं मुद्दाम जायचं. अकिनोबू मिता यांनी तयार केलेली, २००७ सालच्या २.६.२० मध्ये आलेली सोय हेच करते. मेमरी शिल्लक असतानाही ती मागणाऱ्याला मध्येच खोटं सांगते, नाही. आधी हे नशिबावर होतं, शंभरातून एखादी मागणी नाकारायची वगैरे. २०१७ मध्ये गूगलच्या दिमित्री व्युकोव्ह यांनी त्यात नेमकेपणा आणला. एका फाइलमध्ये एक आकडा लिहायचा. तुमच्या पुढच्या कामात फसू शकणाऱ्या जितक्या जागा येतील त्यातली तेवढ्या क्रमांकाची जागा फसवली जाते, बाकी सगळं सरळ.

मग काम धीराचं आहे. आकडा १ लिहायचा, कार्ड जोडायचं. पहिलीच मागणी फसते, ड्रायव्हर परत येतो. काही गळलं का, कुणी मोकळ्या जागेत पाय टाकला का, ते तपासनीस साधनं पाहतात. आकडा २. पहिली पायरी होते, दुसरी फसते. आकडा ३. असं करत उतरंड दर वेळी एक मडकं जास्त रचली जाते आणि पुन्हा सगळी उतरवली जाते. एके वेळी आकडा पायऱ्यांपेक्षा मोठा होतो. फसवायला काही उरत नाही, फाइलमधला आकडा पूर्ण न वापरता तसाच शिल्लक दिसतो, आणि कार्डाचा हिरवा दिवा लागतो.